तिरक्या रेघा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात मी स्टँडअप कॉमेडियनांची रूटीन्स उतरवून काढते, शब्द न् शब्द. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, शंका आली की दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. सहा मिनिटांच्या बिटला, म्हणजे रूटीनच्या एका तुकड्याला, दोन-अडीच तास सहज जातात. मला स्वतःला स्टेजवर उभं राहायचं नाही. ओपन माइकला, म्हणजे कुणीही स्टेजवर जाऊ शकेल अशा कार्यक्रमाला, जाते तीही मागच्या रांगेत बसून ऐकायला. पण एखादं रूटीन आवडलं की ते नुसतं पुन्हा पुन्हा पाहून माझं समाधान होत नाही. ते हाताखालून गेलं पाहिजे.

सुरुवातीला मी फक्त शब्द लिहीत असे. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं की ज्या वाक्याला सगळं सभागृह कोसळलं होतं, ते वाक्य कागदावर अगदी साधं, कोरडं दिसायचं. ऐकण्यात काही चुकलं असेल म्हणून पुन्हा ऐकायचे. शब्द तेच असायचे. बरीच पानं भरल्यावर लक्षात आलं की मी बोलणं लिहीत होते आणि थांबणं सोडून देत होते. तेव्हापासून वहीत तिरक्या रेघा आल्या. एक रेघ म्हणजे अंदाजे एका सेकंदाची शांतता. लोक हसत असतील तर रेघेच्या डोक्यावर एक टिंब. टिंब नसेल तर कुणीच काही करत नाहीये, सगळे नुसते थांबलेत.

रेघा आल्या आणि पानं बोलायला लागली. समेवर येण्याआधी गवई क्षणभर जी ओढ लावतो, तीच ओढ चांगल्या पंचच्या, म्हणजे हशा पिकवणाऱ्या वाक्याच्या, आधी असते. ती किती ताणायची याचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. काही पानांवर शब्दांची दाटी आणि रेघा मोजक्या. काही पानं लांबून पाहिली तर पाऊस पडल्यासारखी दिसतात.

सगळ्यात जास्त पाऊस टिग नोटारो या अमेरिकन कॉमेडियनच्या पानांवर आहे.

3 ऑगस्ट 2012. लॉस एंजेलिसमधला लार्गो नावाचा क्लब. टिगला दोन्ही स्तनांचा कर्करोग असल्याचं निदान होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. त्याआधीच्या चार महिन्यांत तिला न्यूमोनिया झाला होता, मग आतड्यांचा जिवावर बेतणारा संसर्ग झाला होता, आई पडण्याचं निमित्त होऊन गेली होती आणि नातंही तुटलं होतं. ती स्टेजवर आली आणि रोजच्या सुरात म्हणाली, नमस्कार, मला कॅन्सर आहे, कसे आहात सगळे? लोक हसले. कुठल्यातरी गमतीची ही सुरुवात असणार असं त्यांना वाटलं. मग ती तेच पुन्हा म्हणाली, त्याच सुरात. आता हशा फुटतो. काही जण अजून हसताहेत, काही जण मध्येच थांबलेत. माझ्या पानावर तिथे टिंबाच्या आणि बिनटिंबाच्या रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत, कारण त्या खोलीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

या सुरुवातीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी मात्र चौकट केली आहे ती त्यानंतरच्या एका जागेभोवती. प्रेक्षक हळहळतात आणि टिग त्यांचीच समजूत काढायला लागते. ठीक होईल सगळं, असं म्हणते. मग स्वतःचं वाक्य दुरुस्त करते की कदाचित नाहीही होणार. पण तुम्ही ठीक असाल, माझं काय चाललंय ते मला माहीत नाही. कर्करोग तिला झालाय आणि धीर ती देते आहे. ही जागा मी किती वेळा ऐकली असेन याची मोजदाद नाही. दर वेळी मला वाटतं, ही बाई थट्टा म्हणून हे करत नाहीये. समोर बसलेली माणसं खरोखरच घाबरली आहेत आणि त्यांना सांभाळण्याचं काम आपलं आहे असं ती मानते.

त्याच सेटमध्ये आई गेल्यानंतर हॉस्पिटलकडून घरी आलेल्या प्रश्नावलीची गोष्ट आहे. पत्र आईच्या नावाने. तुमचा आमच्याकडचा मुक्काम कसा होता, अशा अर्थाचे प्रश्न. टिग ते प्रश्न वाचते आणि एकेकाला अगदी छोटं, मवाळ उत्तर देते. राग कुठेही वर येत नाही. रागाची सगळी जागा तिने ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवली आहे, आणि म्हणून तो आपल्याला येतो.

आणि शेवटी ती मधमाशी. टिगकडे एक छोटासा विनोद होता. ती महामार्गावर वाहनांच्या गर्दीत अडकलेली असते आणि एक मधमाशी उडत उडत तिच्या गाडीला मागे टाकून पुढे निघून जाते. एवढंच. एरवी हा विनोद गालातल्या गालात हसून विसरावा असा आहे. पण अर्धा तास मरणाबद्दल बोलून झाल्यावर तो येतो, आणि त्या इवल्याशा माशीवर अख्खं सभागृह फुटतं. विनोदात एक अक्षर बदललेलं नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. मला रूटीन या शब्दाचा अर्थ तिथे कळला. सुटे विनोद कुणीही जमवू शकतं. कशानंतर काय यावं हे ठरवणं म्हणजे रूटीन बांधणं.

वही सुरू झाली तीच मुळी बाबांच्या आजारपणात. रात्री मी त्यांच्याजवळ थांबायचे. वाचायला दिवा लावता येत नसे आणि झोप लागू द्यायची नव्हती. म्हणून मोबाइलवर ऐकायचे. इअरफोन एकाच कानात घालायचा, कारण दुसरा कान त्यांच्या श्वासाकडे ठेवावा लागे. एका कानात टाळ्या, हशा, माइकची खरखर आणि दुसऱ्या कानात तो श्वास. कधी कधी श्वास जरा लांबायचा आणि मी स्टेजवरच्या माणसाला वाक्याच्या मध्यात थांबवायचे. श्वास पुन्हा लागला की त्यालाही पुढे जाऊ द्यायचे. शांतता मोजण्याची सवय मला त्या रात्रींनी लावली.

ऑस्ट्रेलियन कॉमेडियन हॅना गॅड्सबी यांचं ‘नॅनेट’ मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. 2017 मध्ये मेलबर्न आणि एडिंबरा या दोन्ही महोत्सवांत गाजलेला हा कार्यक्रम 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि त्यावरून वाद पेटला. ही कॉमेडीच नाही, हे तर भाषण आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. माझा त्यांच्याशी ठाम मतभेद आहे, आणि तो मी वहीच्या आधाराने सांगू शकते.

कार्यक्रमाच्या पहिल्या भागात गॅड्सबी एका बस-थांब्याचा किस्सा सांगतात. रात्रीची वेळ, एका मुलीशी गप्पा चाललेल्या. तिचा मित्र अंगावर धावून येतो, कारण त्याला समोरची व्यक्ती पुरुष वाटते. बाई आहे म्हटल्यावर तो माफी मागतो आणि आपण बायकांवर हात उचलत नाही असं सांगतो. लोक पोट धरून हसतात. मग मधल्या भागात गॅड्सबी विनोदाची यंत्रणाच उघडून दाखवतात. विनोदाला दोन भाग लागतात, सेटअप म्हणजे मांडणी, आणि पंच. गोष्टीला तीन लागतात, आरंभ, मध्य आणि शेवट. म्हणजे विनोद करायचा तर गोष्टीचा शेवट कापावा लागतो. ताण निर्माण करायचा आणि हसवून तो सोडवायचा, हा माझा धंदा आहे, आणि लहानपणापासून मी तेच करत आले, असं सांगणं येतं. ज्या टास्मानियात गॅड्सबींचं बालपण गेलं, तिथे 1997 पर्यंत समलैंगिकता गुन्हा होती, हेही याच ओघात येतं. आणि मग बस-थांबा परत येतो. तो माणूस परत आला होता. त्याला कळलं होतं. त्याने मारलं, कुणी अडवलं नाही, आणि पोलिसांकडे किंवा हॉस्पिटलमध्ये जावं एवढी आपली किंमत आहे असं मार खाणाऱ्यालाही वाटलं नाही.

वहीत या दोन पानांमध्ये मी लाल दोरा ठेवला आहे. पहिल्या पानावर रेघांवर टिंबंच टिंबं आहेत. दुसऱ्या पानावर रेघा तितक्याच आहेत आणि टिंब एकही नाही. पहिल्या वेळी आपण हसलो ते कापलेल्या गोष्टीवर, हे आपल्याला आता कळतं, आणि त्याचवेळी सांगणारी व्यक्ती ताण सोडवायला नकार देते. तुमचा तुम्ही सांभाळा, असं बजावते. याला भाषण म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की भाषणात असा कॉलबॅक, म्हणजे आधीच्या विनोदाकडे परत येणं, कुणी बांधतं का? पाऊण तासापूर्वीचा हशा जागा करून तो ऐकणाऱ्याच्या हातात परत ठेवणं हे फक्त या कलेतल्या अत्यंत तयारीच्या माणसालाच जमतं.

अॅली वाँगचं ‘बेबी कोब्रा’ (2016) याच्या अगदी उलट स्वभावाचं. साडेसात महिन्यांची गरोदर, अंगावर घट्ट पोशाख, आणि तोंडाने एकही गोष्ट सभ्य म्हणून वगळलेली नाही. त्याची गंमत मला खूप उशिरा कळली. जवळजवळ तासभर ती सांगते की हार्वर्डला शिकलेला नवरा आपण कसा जाळ्यात ओढला, म्हणजे आता काम करायला नको. शेवटाकडे कळतं की नवऱ्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं आणि ते हिने, टीव्हीच्या कमाईतून, फेडलं. पूर्ण तास हा एकच सेटअप होता. एवढा लांब दम असलेल्या बांधणीला मी मनापासून नमस्कार करते.

पण सगळंच शांततेवर उभं असतं असं मी म्हणू लागले तर गॅरी गुलमन मला खोटं पाडेल. 2016 मध्ये कॉनन ओब्रायनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्याने सादर केलेलं, अमेरिकेतल्या राज्यांच्या नावांचे संक्षेप करणाऱ्या समितीवरचं सहा-सात मिनिटांचं रूटीन हे माझ्या वहीतलं एकमेव पान आहे जे रेघा पुसल्या तरी तसंच्या तसं उभं राहतं. विषय ऐकून कुणीही जांभई देईल. पन्नास राज्यांची नावं दोन-दोन अक्षरांत बसवायची. पहिलं राज्य अलाबामा, झालं काम, ए आणि एल. समिती खूश. आता सगळं पटापट उरकणार. दुसरं राज्य अलास्का. आणि तिथेच घोडं अडतं.

एवढ्या भांडवलावर तो एक अख्खं जग उभं करतो. त्या माणसांचा उत्साह, त्यांचा पराभव, एकमेकांवरची चिडचिड, आणि हे सगळं फार मोठ्या ऐतिहासिक पराक्रमाच्या भाषेत. त्याचा प्रत्येक शब्द घासून पुसून ठेवलेला आहे. मी प्रयोग म्हणून काही वाक्यांतला एकेक शब्द त्याच अर्थाच्या दुसऱ्या शब्दाने बदलून पाहिला, आणि वाक्य दर वेळी लुळं पडलं. पुढे 2019 मध्ये त्याने वर्षभर रोज एक याप्रमाणे ट्विटरवर विनोदलेखनाच्या सूचना लिहिल्या, आणि त्याच वर्षी ‘द ग्रेट डिप्रेश’ हा त्याचा कार्यक्रम आला. त्यात तो आपल्या नैराश्याबद्दल बोलतो. उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं, चाळिशी ओलांडल्यावर आईच्या घरी परत राहायला जावं लागलं, हे सगळं सांगतो. हे कळल्यावर मी समितीचं पान पुन्हा उघडलं. एकेका शब्दावर इतकं काम करणारा माणूस कुठल्या काळोखातून येऊन ते करत होता, हे आता त्या पानापासून वेगळं काढता येत नाही. निदान मला येत नाही.

जेरॉड कारमायकलचं ‘रोथॅनियल’ (2022) न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ क्लबमध्ये चित्रित झालं. दिग्दर्शन बो बर्नमचं. कारमायकल उभा राहत नाही, खुर्चीवर बसतो. आधी घराण्यातली गुपितं सांगतो, मग स्वतःचं खरं नाव, जे त्याने आयुष्यभर लपवलं होतं, आणि मग हे की तो समलिंगी आहे. त्यानंतर जे घडतं ते मी इतर कुठल्याही सेटमध्ये ऐकलेलं नाही. तो गप्प होतो, आणि समोरची माणसं त्याच्याशी बोलायला लागतात. प्रश्न विचारतात. विशेषतः आईबद्दल, जिच्या श्रद्धेत हे बसत नाही. तो विचार करून उत्तर देतो, अडखळतो, पुन्हा गप्प होतो. स्टँडअपमध्ये प्रेक्षकातून आलेला आवाज हा सहसा अडथळा असतो आणि कॉमेडियन तो परतवून लावतो. इथे तो आवाज हात धरायला आलेला आहे. माझ्या वहीत यातलं एक पान फक्त रेघांचं आहे. त्यावर मध्ये मध्ये अनोळखी माणसांची वाक्यं आहेत.

बाबांना हे सगळं काय चाललंय याचं कुतूहल होतं. एका रात्री त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “काय ऐकतेस एवढं?” मी म्हटलं, “विनोद.” “मग हसत का नाहीस?” याचं उत्तर देण्याऐवजी मी इअरफोन त्यांच्या कानात घातला. हिंदी कॉमेडियन झाकिर खानचं ‘तथास्तु’ चालू होतं, त्यात तो आपल्या आजोबांबद्दल, सारंगीवादक उस्ताद मोइनुद्दीन खाँ यांच्याबद्दल, सांगतो. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. हसले नाहीत. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आजोबांवर जीव आहे पोराचा.” परीक्षण म्हणून मला ते अजूनही पुरेसं वाटतं.

इंग्रजी मात्र त्यांच्या कानाला सवयीचं नव्हतं. म्हणून मी सांगायला लागले, मराठीत, हळू आवाजात, अंधारात. पहिला प्रयत्न नॉर्म मॅकडोनाल्डच्या पतंगाचा, म्हणजे पतंग किड्याच्या विनोदाचा, जो त्याने 2009 मध्ये कॉननच्याच कार्यक्रमात सांगितला होता. एक पतंग पायांच्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्या आयुष्याचं सगळं दुःख सांगत सुटतो. नोकरीतली घुसमट, म्हातारी होत चाललेली बायको, मुलावर न उरलेलं प्रेम, आरशात दिसणारा भित्रेपणा. डॉक्टर म्हणतो, अरे, तुला मानसोपचाराची गरज आहे, तू माझ्याकडे कशाला आलास? पतंग म्हणतो, दिवा चालू होता म्हणून. मी हे अर्ध्या मिनिटात उरकलं. बाबा म्हणाले, “बरं.” मला फार वाईट वाटलं. नॉर्म त्या पतंगाच्या दुःखात मनसोक्त रेंगाळतो, ते दुःख आपल्याला खरं वाटायला लागेपर्यंत थांबतो, आणि म्हणून शेवटचं वाक्य लागतं. मी पंचकडे धावले होते. इतकी पानं भरूनही धावले होते.

दुसऱ्या रात्री जॉन मुलॅनीची गोष्ट घेतली. 2009 मधल्या त्याच्या अल्बममधली, ‘सॉल्ट अँड पेपर डायनर’. या वेळी घाई करायची नाही असं ठरवलं होतं. दोन लहान मुलं एका उपाहारगृहात जातात. तिथे पैसे टाकून गाणी लावायचं यंत्र आहे. ती पोरं टॉम जोन्सचं एकच गाणं एकवीस वेळा लावून ठेवतात, खायला मागवतात आणि वाट पाहत बसतात. गाणं दुसऱ्यांदा सुरू होतं तेव्हा लोकांना वाटतं, हे गाणं बरंच लांब आहे. मी थांबले. बाबांचे डोळे उघडले होते. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. एक माणूस आता कपाकडे टक लावून बसला आहे, त्याला काहीतरी कळू लागलंय. मी पुन्हा थांबले. “मग?” असं बाबांनी विचारलं. सात वेळा तेच गाणं वाजतं. आणि मुलांनी मध्ये, सातच्या नंतर, टॉम जोन्सचंच दुसरं एक गाणं लावून ठेवलेलं असतं. फक्त एकदा. ते सुरू होतं आणि सगळ्या उपाहारगृहाने सुटकेचा श्वास सोडला. माणसं आनंदाने रडायच्या बेताला आली.

इथे मी मनात रेघा मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

“आणि मग,” मी म्हटलं, “पहिलं गाणं परत सुरू झालं.”

बाबा हसले. आधी आवाज आलाच नाही, नुसती छाती हलली आणि मी घाबरून वाकले. मग आवाज आला. खोकला आला, त्या खोकल्यातही ते हसत होते. पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “शेवटी काय झालं?” मी सांगितलं की उपाहारगृहवाल्यांनी वैतागून यंत्राची पिनच उपटली. त्यावर पुन्हा एकदा हसले, आता नुसतेच, ओठांनी.

पुढे आठ-दहा दिवस गेले. तपासणीसाठी रोज रक्त घ्यायचे, आणि हातावर जागा उरली नव्हती. त्या सकाळी ट्रे घेऊन सिस्टर आत आल्या, नेहमीसारखा रबरी पट्टा काढला आणि म्हणाल्या, “आजोबा, हात द्या.” बाबांनी हात पुढे केला. त्यांनी शीर शोधायला सुरुवात केली. बाबा काही क्षण छताकडे पाहत राहिले. मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, “आज जरा दुसरं गाणं लावायला सांग की यांना.”

सिस्टरांना काही कळलं नाही. मी इतकी हसले की मला भिंतीला धरावं लागलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझं हसणं पूर्ण होऊ दिलं, तोवर माझ्याकडे नुसते बघत राहिले.

ते वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवलं. नाव, तारीख, ठिकाण, सगळ्यांचं लिहिते तसं. वाक्याच्या आधी बिनटिंबाच्या तीन रेघा आहेत. वाक्यानंतर टिंबाच्या किती काढायच्या ते मात्र तेव्हा मोजायचं राहून गेलं, म्हणून ती ओळ मी तशीच मोकळी सोडली आहे.